हळू फुंका, जोरात फुंका

श्वासाची तपासणी म्हटलं की मला एकच प्रकार ठाऊक होता. ३१ डिसेंबरच्या रात्री नाकाबंदीत पोलीस दुचाकीवाल्यांच्या तोंडासमोर यंत्र धरतात, तो. त्यामुळे छातीच्या डॉक्टरांनी खोकल्यासाठी ‘श्वासाच्या दोन तपासण्या’ सांगितल्या, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “पण मी काही घेत नाही हो!” डॉक्टर हसल्या, मीही हसले आणि हसल्याबरोबर मला खोकल्याची उबळ आली. त्यांनी कागदावर आणखी एक ओळ लिहिली : हसल्यावर खोकला. म्हणजे माझी तपासणी केव्हाच सुरू झाली होती, माझ्या लक्षात आलं नव्हतं एवढंच.

खोकला सुरू झाला होता पावसाळ्याच्या तोंडावर, साध्या सर्दीतून. सर्दी गेली, खोकला मुक्कामाला राहिला. कोरडा, आणि पहाटे हटकून जागं करणारा. अडुळशाचा काढा झाला, ज्येष्ठमध झालं, मधातून सितोपलादी झालं, सासूबाईंनी लवंग भाजून दिली. पंधरवडा उलटल्यावर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी थुंकी तपासायला सांगितली आणि छातीचा एक्स-रे काढला, कारण दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला की आधी क्षयरोग नाही ना हे बघायचं, असा आपल्याकडचा नियमच आहे. कोरड्या खोकल्यात डबीत घालण्यापुरता बेडका काढणं हेही एक दिव्य असतं. दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्या, म्हणून मी निर्धास्त झाले आणि औषधाच्या बाटल्या रिकाम्या करत राहिले. मी पतसंस्थेत हिशेब बघते, कोणाचा हप्ता किती दिवस थकलाय हे मला तोंडपाठ असतं. पण “नेमके किती आठवडे झाले?” या प्रश्नाला मला उत्तर देता येईना. मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांपलीकडे गेला की तो जुनाट धरायचा आणि त्याची कारणं वेगळ्या यादीत शोधायची, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं.

ती यादी म्हणजे प्रश्नांची सरबत्तीच. नाकातून घशात काही उतरल्यासारखं वाटतं का? आंबट ढेकर येतात का? धूम्रपान? मिश्री? फोडणीचा ठसका पूर्वीपेक्षा जास्त लागतो का? एसीत गेल्यावर खोकला वाढतो का? रक्तदाबाची गोळी चालू आहे का, असेल तर तिचं नाव काय? मी सोबत जाडजूड फाइल नेली होती. त्यांनी तिच्यातला फक्त एक्स-रे पाहिला आणि गोळीचं नाव वाचलं. “ही गोळी खोकला आणणाऱ्यातली नाही,” म्हणाल्या. छातीचं चित्र स्वच्छ असेल, माणूस बिडी-सिगारेट ओढत नसेल आणि गोळीचाही दोष नसेल, तर जुनाट खोकल्यामागे बहुतेक वेळा दमा, नाक-सायनस किंवा पोटातलं आम्ल यांपैकी कोणीतरी असतं, कधी कधी दोघं मिळूनही. मी ठामपणे सांगितलं, “दमा नाही. मला धाप लागत नाही, छातीतून शिट्टी वाजत नाही.” त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “ज्यात फक्त खोकलाच येतो, असाही दमा असतो.” माझं वैद्यकीय ज्ञान तिथेच संपलं.

तपासणीच्या दिवशी मी तयारीनिशी गेले. तपासणी म्हणजे अंगात ताकद हवी, या हिशेबानं सकाळी पालकाची भाजी आणि बीटाची कोशिंबीर भरपेट खाल्ली होती. तपासनीस मुलगी जेमतेम पंचविशीची. तिनं विचारलं, “काकू, काय खाऊन आलात?” मी अभिमानानं यादी सांगितली. तिनं पेन खाली ठेवलं. पहिल्या तपासणीत श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजतात, आणि पालक-बीटासारख्या भाज्यांत नायट्रेट भरपूर असतं. त्यापासून शरीरात तोच वायू तयार होतो आणि आकडा उगाच फुगतो. शिवाय तपासणीआधी तासभर खाणंपिणं, व्यायाम, धूम्रपान काहीच करायचं नसतं. हे सगळं माझ्या हातातल्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं. “उद्या या,” ती म्हणाली, “आणि साधा वरणभात खाऊन या.”

दुसऱ्या दिवशी वाट बघताना मी फोनवर वाचून हुशार व्हायचं ठरवलं. नायट्रिक ऑक्साइड म्हणजे हसवणारा वायू, अशी माझी समजूत होती. हसवणारा तो नायट्रस ऑक्साइड, हा त्याचा भाऊबंद. हा वायू गाड्यांच्या धुरात असतो आणि आपल्या शरीरातही तयार होतो. रक्तवाहिन्या सैल करायचा निरोप तो पोचवतो, हे शोधून काढल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. माणसाच्या उच्छ्वासात तो सापडतो हे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवलं, आणि दम्याच्या रुग्णांच्या उच्छ्वासात तो जास्त असतो हे १९९३ मध्ये. श्वासनलिकांच्या अस्तराला विशिष्ट प्रकारची सूज आली की ते अस्तर हा वायू जास्त सोडायला लागतं. त्या सुजेत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा झालेल्या असतात. रक्ताच्या रिपोर्टात या पेशींचं नाव मी वर्षानुवर्षं पाहत आले होते, आणि दरवेळी ती ओळ सोडून थेट हिमोग्लोबिनवर जात होते.

यंत्र माझ्या अपेक्षेपेक्षा फारच लहान निघालं. पुढे एक नळी, तिला गाळणी, आणि समोर पडद्यावर एक ढग. श्वास पूर्ण सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरून त्या गाळणीतूनच छाती भरून घ्यायचा आणि मग सोडायचा. बाहेरच्या हवेतला, म्हणजे रस्त्यावरच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड आत जाऊन हिशेबात मिसळू नये, म्हणून ती गाळणी. सोडायचा वेग ठरलेला, सेकंदाला ५० मिलिलिटर, आणि तोही सलग दहा सेकंद. ढग दोन रेघांच्या मधे तरंगत ठेवायचा. मी सगळी ताकद लावून फुंकलं. ढग पडद्याबाहेर उडाला आणि यंत्र चिडून वाजलं. मग घाबरून इतकं हळू फुंकलं की ढग खालीच बसला. मग खोकला आला. “काकू, बशीतल्या गरम चहावर घालतो ना, तशी फुंकर घाला,” मुलगी म्हणाली. चहा मला जमतो.

नाकाला चिमटा का नाही लावला, असं मी मधेच विचारलं, कारण फोनवरच्या चित्रात एका माणसाच्या नाकाला चिमटा होता. तो फोटो दुसऱ्या तपासणीचा निघाला. इथे चिमट्याची गरज नसते. नाकात आणि सायनसमध्ये हा वायू फुप्फुसांपेक्षा कितीतरी जास्त असतो, तो मिसळला तर आकडा बिघडेल. म्हणून यंत्राची नळी मुद्दाम थोडी अडवणूक करते. त्या दाबाविरुद्ध फुंकताना टाळूचा मागचा मऊ पडदा आपोआप वर उचलला जातो आणि नाकाची वाट बंद होते. पन्नाशी ओलांडली तरी आपल्या घशात असं एक दार आहे आणि ते न सांगता लागतं, याचा मला पत्ता नव्हता.

मिनिटाभरात आकडा आला : ६२ पीपीबी. म्हणजे अब्ज भागांमधे बासष्ट भाग. अब्जातले बासष्ट म्हणजे नगण्यच की, असं माझ्यातल्या हिशेबनिसाला वाटलं. पण मोठ्या माणसांत २५ च्या खाली कमी आणि ५० च्या वर जास्त, असं मानतात. लहान मुलांत या मर्यादा २० आणि ३५. मी मुलीला हळूच विचारलं, “म्हणजे नापास का?” “यात पास-नापास नसतं,” ती म्हणाली, आणि लगेच पुढच्या खोलीत नेताना बजावलं, “आता इथे मात्र पूर्ण जोर लावायचा हं.” ही फुंकर आधी घेण्याचं कारणही तेच. दुसऱ्या तपासणीत जोरजोरात फुंकल्यावर हा वायू काही काळ कमी भरतो, म्हणून क्रम उलटा चालत नाही.

दुसरी तपासणी स्पायरोमेट्री. फुप्फुसांत किती हवा मावते आणि ती किती झपाट्यानं बाहेर पडते, हे तिच्यात मोजतात. आधी वय, वजन, उंची. मी सवयीनं “पाच फूट तीन” म्हटलं. तिनं चपला काढायला लावून पट्टीखाली उभं केलं. दीड इंच कमी भरलं. तो दीड इंच माझं लग्न जमवताना बाबांनी वाढवला होता आणि मी तो इतकी वर्षं जपला होता. मला वाटलं, इंचानं काय बिघडतं? पण इथे उंचीला फार महत्त्व. लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये पाण्यावर चालणारं असं यंत्र वापरून खलाशी, पोलीस, छापखान्यातले कामगार, कुस्तीगीर अशा दोन हजारांहून जास्त माणसांचे श्वास मोजले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की फुप्फुसांची क्षमता उंचीबरोबर वाढत जाते. आजही तुमचा आकडा तुमच्या उंचीच्या, वयाच्या निरोगी माणसाकडून जेवढी अपेक्षा असते, तिच्याशी ताडून बघतात. खोटी उंची सांगितली असती तर माझी फुप्फुसं कागदावर विनाकारण कमी पडली असती.

मग नाकाला चिमटा लागला. छाती काठोकाठ भरायची, नळी ओठांत आवळायची आणि एका दणक्यात सगळी हवा बाहेर. नंतर थांबायचं नाही, आलेखाची रेघ सपाट होईपर्यंत रेटत राहायचं. मोठ्या माणसाला त्याला सहाएक सेकंद तरी लागतात. पहिल्या खोलीत जे मोठ्या कष्टानं शिकले, ते इथे विसरायचं होतं. माझ्या तोंडून पुन्हा चहाची फुंकर निघाली. “जोरात, काकू! फुंका, फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!” एवढीशी मुलगी, पण शर्यतीत बैल पळवणाऱ्याच्या वर आवाज. ओठांच्या कोपऱ्यातून हवा सुटली, तो प्रयत्न बाद. पहिल्याच सेकंदात खोकले, बाद. मधेच चोरून श्वास घेतला, तोही आलेखात पकडला गेला. रक्त तपासताना आपण फक्त हात पुढे करतो, एक्स-रेला नुसतं उभं राहतो. इथे काम पेशंटलाच करावं लागतं, आणि एकदा जमून भागत नाही : निदान तीन फुंकरी नीट हव्यात, त्यातल्या दोन सर्वांत चांगल्या एकमेकींच्या दीडशे मिलिलिटरच्या आत हव्यात. मला गरगरायला लागलं तेव्हा तिनं खुर्ची पुढे केली. बाहेर बाकावर बसलेली माणसं माझ्याकडे सहानुभूतीनं पाहत होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

एवढ्यावर सुटका नव्हती. प्लॅस्टिकच्या फुग्यासारख्या नळकांड्यातून, त्याला स्पेसर म्हणतात, साल्ब्युटामॉलचे चार झोत ओढायला दिले. मिळून ४०० मायक्रोग्रॅम. या औषधानं आवळलेल्या श्वासनलिका सैल होतात. पंधरा मिनिटं बसून पुन्हा तेच दणके मारायचे. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत बराच फरक पडला, ढोबळमानानं १२ टक्के आणि २०० मिलिलिटर, तर दम्याकडे बोट जातं. त्या पंधरा मिनिटांत माझी छाती धडधडायला लागली आणि बोटं थरथरायला लागली. मी मनात निरवानिरव सुरू केली. मुलीनं मान वर न करता सांगितलं, “औषधानं होतं तसं थोडा वेळ.”

निकाल आला. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या ८१ टक्के, म्हणजे उत्तम. औषधानंतरचा फरक जेमतेम पाच टक्के. कागदावर ‘नॉर्मल’ हा शब्द वाचून मी पर्स उचलली आणि उभी राहिले. डॉक्टर म्हणाल्या, “बसा. खोकला गेला का?” गेला नव्हता. दम्यात नळ्या सदासर्वकाळ आवळलेल्या नसतात. पहाटे आवळतात आणि सकाळी अकरा वाजता, नेमक्या तपासणीच्या वेळी, मोकळ्या असतात. त्या घडीला वाट मोकळी होती, एवढंच ही तपासणी सांगते. नॉर्मल रिपोर्टानं दमा खोडला जात नाही, हे ऐकून मी पर्स पुन्हा मांडीवर घेतली.

मग त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. एक कागद सांगतो नळी किती रुंद आहे, दुसरा सांगतो तिच्या अस्तरात कुठल्या जातीची सूज आहे. माझी नळी रुंद, पण अस्तर सुजलेलं. बासष्ट या आकड्याचा खरा उपयोग असा की, ओढून घ्यायच्या स्टेरॉइडनं हा खोकला हटण्याची शक्यता बरीच आहे. मी म्हटलं, “म्हणजे दमाच ना?” त्या लगेच ‘हो’ म्हणाल्या नाहीत. नाकाची ॲलर्जी असली तरी हा आकडा चढतो. सिगारेट ओढणाऱ्याचा किंवा आधीच स्टेरॉइड घेणाऱ्याचा तो खाली असतो, म्हणून कमी आकडा आला की सगळं ठीक, असंही नाही. आणि याच जातीची सूज असून नळ्या मुळीच आवळत नाहीत, असा एक वेगळा आजारही आहे, त्याला इओसिनोफिलिक ब्राँकायटिस म्हणतात. तो आणि दमा वेगळे काढायला मेथाकोलीनची तपासणी असते. नळ्या आवळणारं औषध चढत्या मात्रेत हुंगायला द्यायचं आणि पहिल्या सेकंदाची हवा २० टक्क्यांनी कधी घसरते ते बघायचं. मी घाबरून विचारलं, “आजच?” “नाही,” त्या म्हणाल्या, “आधी घरी मोजा.”

घरी मोजायला मिळाला पीक फ्लो मीटर. नळी, काटा आणि मिनिटाला लिटरच्या खुणा. मार्टिन राइट या इंग्रज डॉक्टरांनी तो १९५९ मध्ये लोकांपुढे आणला. याच गृहस्थांनी दारू ओळखणाऱ्या श्वासयंत्रावरही काम केलं होतं, म्हणजे माझा नाकाबंदीचा संशय अगदीच पोकळ नव्हता. दोन आठवडे, रोज उठल्याबरोबर आणि संध्याकाळी, उभं राहून तीन झटके मारायचे आणि मोठा आकडा लिहायचा. मी कालनिर्णयवर दुधाच्या नोंदीशेजारी लिहायला लागले. नवऱ्यानं हौसेनं फुंकून काटा पार वर नेला. मीही त्याची पद्धत उचलली आणि माझे आकडे एकदम सुधारले. डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी मला समोर फुंकायला सांगितलं आणि हसू दाबलं. गाल फुगवून, जिभेनं थुंकल्यासारखा झटका दिला की काटा उडतो, त्यात फुप्फुसाचं कर्तृत्व काही नसतं. सुरुवातीच्या नोंदी बाद झाल्या. नवऱ्याचा विक्रमही.

नव्यानं केलेल्या नोंदीत मात्र एक गोष्ट लख्ख दिसली. सकाळी ३१० च्या आसपास, संध्याकाळी ३६०. रोजचा फरक त्या दिवसाच्या सरासरीनं भागायचा आणि दोन आठवड्यांची सरासरी काढायची. टक्केवारी काढणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे इथे तरी मी चुकले नाही : सुमारे पंधरा टक्के. मोठ्या माणसांत दहाच्या वर गेलं की ती चढउतार नेहमीपेक्षा जास्त समजतात. पहाटेचा खोकला आणि सकाळचा घसरलेला काटा एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते. डॉक्टरांनी तेव्हा कुठे ‘खोकल्याच्या रूपातला दमा’ असं लिहिलं, आणि शेजारी छोटंसं प्रश्नचिन्ह ठेवलं. “औषधानं काय होतं ते बघू, मग हे खोडू,” म्हणाल्या. औषधाचा गुण येणं हाही निदानाचाच भाग असतो, हे मला नवीन होतं.

‘पंप’ हे ऐकताच घरात सुतक पडलं. एकदा लागला की सुटत नाही, हे सासूबाईंचं मत आणि खरं सांगायचं तर माझंही. प्रत्यक्षात त्यातली स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट नळ्यांवर पडते. प्रत्येक वेळी नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. तेही मी आधी गुळणी करून मग पंप ओढत होते, म्हणजे बरोबर उलटं. दुरुस्त केलं. खोकला एका रात्रीत गेला नाही. आधी पहाटेचा गेला, मग एसीतला, सगळ्यात शेवटी हसल्यावरचा. पुढच्या भेटीत पुन्हा चहाची फुंकर घातली, तर बासष्टचे २८ झाले होते. प्रश्नचिन्ह खोडलं गेलं.

यानंतर पतसंस्थेत मी तज्ज्ञ म्हणून मिरवायला लागले. आमच्या वसुली विभागातले एक सहकारी कित्येक महिने कोरडं खोकत होते. त्यांना मी ढग, चिमटा, दीडशे मिलिलिटर, सगळं ऐकवलं, बीट खाऊ नका म्हणून बजावलं आणि त्याच डॉक्टरांकडे पाठवलं. ते तासाभरात परत आले. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, रक्तदाबाच्या गोळीचं नाव विचारलं. रामिप्रिल. कोरडा खोकला हा त्या जातीच्या गोळ्यांचा ठरलेला उपद्रव. त्यांनी गोळी बदलून दिली आणि चार आठवडे वाट बघायला सांगितली. खोकला महिन्याभरात थांबला. त्यांना एकही फुंकर मारावी लागली नाही, याचा मला अजून थोडा राग आहे.